जहाज त्यांचं, बंदर आपलं

शाळेत असताना सहलीसाठी आम्ही एस.टी.ची गाडी प्रासंगिक करारावर घ्यायचो. गाडी एस.टी.ची, ड्रायव्हरही एस.टी.चा. पण कुठल्या गावाला जायचं ते ठरवणार आम्ही. त्यामुळे पोरं घरी पोचेपर्यंत जिवात जीव नसायचा.

हे आठवायचं कारण आमचा भाचा. तो कोळसा आणून विकतो. आता काही महिन्यांसाठी जहाजच भाड्याने घेणार म्हणतो. त्यासाठी ताईचं घर तारण आहे. "मावशी, जहाज त्यांचं, कप्तान त्यांचा, विमाही त्यांचाच. आपण नुसतं भाडं द्यायचं," असं तो म्हणाला, तेव्हा मला काही चैन पडेना.

माझा जहाजाशी संबंध लहानपणीच्या कोकण बोटीपुरता! तरी वाचत बसले. मंडळी, अशा करारात मालक जहाज आणि खलाशी देतो. इंधन भरायचं भाडेकरूने, आणि कुठल्या बंदरात जायचं तेही त्यानेच सांगायचं. बंदर सुरक्षित असेल, ही हमीही बहुतेक करारांत त्याचीच असते. इंधन खराब निघालं, इंजिन बिघडलं, की बोट त्याच्याकडे!

‘ओशन व्हिक्टरी’ची गोष्ट ऐका. दक्षिण आफ्रिकेहून लोहखनिज घेऊन हे जहाज जपानच्या काशिमा बंदरात आलं होतं. २४ ऑक्टोबर २००६ला लाटांमुळे धक्क्यावर राहणं कठीण झालं, म्हणून वादळातच बाहेर निघालं आणि बंदराच्या तोंडाशी अडकलं. पुढे त्याचे दोन तुकडे झाले. विमा कंपनीने मालकाच्या बाजूचं नुकसान भरलं आणि मग भाडेकरूंकडे सुमारे १३ कोटी ७६ लाख डॉलर मागितले. का, तर तुम्ही धाडलेलं बंदर असुरक्षित होतं!

लंडनच्या न्यायालयात २०१३ला भाडेकरू हरले, २०१५ला अपिलात जिंकले. १० मे २०१७ला तिथल्या सर्वोच्च न्यायालयाने सांगितलं, दोन संकटं अशी एकदम येणं हा विरळा योग होता, बंदर असुरक्षित म्हणता येणार नाही. सुटले बिचारे. पण साडेदहा वर्षं डोक्यावर टांगती तलवार! वर न्यायालयाने हेही सांगून ठेवलं की भाडेकरू दोषी ठरला असता, तर जहाजाच्या नुकसानीसाठी त्याला भरपाईची कायदेशीर कमाल मर्यादाही मागता आली नसती.

म्हणून भाडेकरूच्या दायित्वाचा वेगळा विमा असतो. जहाजाचं नुकसान, मालाचे दावे आणि बहुधा ते लढण्याचा खर्चही त्यात येतो. मालकाच्या विम्याने हे भागत नाही. उलट, पैसे मागायला तीच विमा कंपनी दारात येते.

भाच्याला हे सगळं सांगितलं. हप्ता जड आहे म्हणतो. असेलही. पण विमा असला तर असं भांडण दहा वर्षं चाललं तरी ताईच्या डोक्यावर छप्पर राहील. एवढंच माझं म्हणणं.