हौसा आणि नकुशा

कुंडल म्हटले की प्रतिसरकार आठवते. १९४३ ते १९४६ या काळात सातारा जिल्ह्यातील अनेक गावांचा कारभार इंग्रजांच्या हातून काढून घेणाऱ्या क्रांतिसिंह नाना पाटलांच्या चळवळीचे हे प्रमुख ठाणे. (सांगली जिल्हा तेव्हा अस्तित्वातच नव्हता.) नानांच्या कन्येचा उल्लेख या इतिहासात येतो, पण तिच्या नावाशी कोणी फारसे थांबत नाही. १९२६ साली जन्मलेल्या त्या मुलीचे नाव हौसा.

शब्द मुळात अरबी. ‘हवस’ म्हणजे अनावर इच्छा. हिंदीत आजही त्याला वासनेचा दर्प आहे. मराठीने मात्र त्यातले किल्मिष गाळून टाकले. आपली हौस असते सणावाराची, लग्नकार्याची, नव्या लुगड्याची. जत्रेतल्या हौशे, नवशे, गवशांतही पहिला मान हौशांचाच! तेव्हा हौसा म्हणजे जिची हौस होती ती, हवीहवीशी लेक.

या अर्थाचे मोल कळते ते त्याच मातीतले दुसरे नाव शेजारी ठेवल्यावर. नकुशा, म्हणजे नकोशी. मुलीमागून मुलीच झाल्या की धाकटीला हे नाव द्यावे, म्हणजे पुढे मुलगा होतो, अशी समजूत. दगडू, धोंडू ही मुलांची नावेही वरकरणी हीनच. पण ती दृष्ट लागू नये, मूल जगावे म्हणून ठेवलेली. नकुशाच्या नावात तिच्यासाठी काहीच मागितलेले नाही. मागणे आहे ते अजून न जन्मलेल्या भावासाठी.

हौसाबाई तुफान सेनेच्या कामात उतरल्या. भवानीनगरच्या पोलीस चौकीसमोर नवरा-बायकोच्या भांडणाचे सोंग रचले गेले. बायको त्या झाल्या. खोट्या नवऱ्याने मारले मात्र खरेखुरे. पोलीस सोडवायला बाहेर धावले आणि साथीदारांनी आतली शस्त्रे लांबवली. पुढे गोव्याच्या कामगिरीवरून परतताना त्यांनी रात्री मांडवी नदी लाकडी पेटीवर तरंगत ओलांडली.

२२ ऑक्टोबर २०११ रोजी सातारा येथे २८५ नकुशांना समारंभपूर्वक नवी नावे देण्यात आली. कोणी ऐश्वर्या झाली, कोणी सावित्री, कोणी वैशाली. हौसाबाई तेव्हा पंच्याऐंशी वर्षांच्या होत्या.