काकांच्या क्रमाने

माझ्या काकांना डोळ्यांच्या पडद्याचा आजार आहे. समोरचं, मधलं दिसत नाही. कडेचं थोडंफार दिसतं. मोबाइलच्या गुळगुळीत काचेवर बोट नेमकं कुठे टेकवायचं हे त्यांना उमगत नाही आणि बोलून गाणं लावायला जावं, तर ‘मिरजेच्या उरुसातला तो यमन’ ही फर्माईश कुठल्याच यंत्राला कळत नाही. जुन्या सीडी प्लेअरची बटणं मात्र त्यांच्या हाताला पक्की पाठ आहेत. म्हणून मी त्यांच्यासाठी अजूनही ऑडिओ सीडी तयार करतो, आणि लिनक्सच्या टर्मिनलमध्ये आज्ञा टाइप करून करतो.

हे काम माउसने करून देणारे प्रोग्रॅम लिनक्सवर आहेत. केथ्रीबी आहे, ब्रासेरो आहे, दोन्ही चांगले आहेत. पण काकांना गाण्यांइतकाच त्यांचा क्रम महत्त्वाचा. ते सांगत जातात आणि मी टाइप करत जातो. “आधी भैरव, मग तोडी. आणि भैरवी शेवटी म्हणजे शेवटीच हं, मध्ये कुठे घुसवू नकोस.” ही यादी हीच माझी प्लेलिस्ट. एम-थ्री-यू फाइल म्हणजे साधा मजकूर असतो: एका ओळीत एका गाण्याच्या फाइलचा पत्ता. हॅश चिन्हाने सुरू होणारी ओळ प्लेअर गाणं म्हणून वाजवत नाही, त्यामुळे काकांचे शेरेही मी त्याच फाइलमध्ये ठेवतो.

पुढचं काम शेलमधल्या एका लहानशा लूपचं. यादीतली एकेक ओळ वाचायची आणि एफएफएमपेग या साधनाकडून त्या फाइलची वेव्ह फाइल करून घ्यायची: सेकंदाला 44,100 नमुने, 16 बिट, दोन चॅनेल. फिलिप्स आणि सोनीने 1980 साली ठरवलेलं हे माप ऑडिओ सीडीसाठी आजही तेच आहे. इथे दोन गोष्टी सांभाळाव्या लागतात. एफएफएमपेगला ‘नोएसटीडीइन’ हा पर्याय द्यायचा; नाहीतर ते यादीतल्या पुढच्या ओळी स्वतःच गिळून टाकतं आणि लूप पहिल्या एकदोन गाण्यांतच आटोपतो. आणि नव्या फाइलींना 01, 02 असे दोन आकडी क्रमांक द्यायचे, म्हणजे दहावं गाणं दुसऱ्याच्या आधी येऊन बसत नाही.

मग वेळेचा हिशोब. सीडीच्या डब्यावर 700 एमबी छापलेलं असतं, पण गाण्यांसाठी त्या आकड्याचा उपयोग नाही; पाहायची ती 80 मिनिटं. ऑडिओ सीडीवर एका सेकंदाचे 75 भाग असतात आणि प्रत्येक भागात आवाजाचे 2,352 बाइट मावतात. त्याच जागेत साध्या फाइली ठेवल्या तर 2,048 मावतात, कारण उरलेल्यातली बरीचशी जागा जादा चूकदुरुस्तीसाठी राखलेली असते. म्हणून 80 मिनिटांच्या वेव्ह फाइली 800 एमबीच्या वर गेल्या तरी सीडीवर बसतात. सगळ्या फाइलींची एकूण लांबी सॉक्सआय हे साधन एका ओळीत सांगतं. ती जास्त निघाली की काय गाळायचं हे काकांनाच विचारतो. ते काम मी त्यांच्या वतीने करत नाही.

खरी कसोटी लागते ती ख्यालाला. काकांनी तरुणपणी मिरजेच्या उरुसात खाँसाहेब अब्दुल करीम खाँ यांच्या स्मरणार्थ होणाऱ्या संगीतसभेत टेपरेकॉर्डरवर ध्वनिमुद्रणं केली होती. त्या कॅसेटी मी संगणकावर उतरवून घेतल्या. त्यातल्या यमनमध्ये विलंबित एकतालातून द्रुत तीनतालात गाणं शिरतं, तेव्हा तबला क्षणभरही थांबत नाही. काकांना विलंबित आणि द्रुत वेगवेगळ्या क्रमांकांवर हवेत, म्हणजे कधी नुसता द्रुत ऐकायचा असला तर बटण दाबून थेट तिथे जाता येतं. पण एकेक ट्रॅक सुटा लिहिण्याच्या पद्धतीत दोन ट्रॅकमध्ये साधारण दोन सेकंदांची शांतता पडते. सुगम संगीताला ती चालते. इथे मात्र सम हातातोंडाशी आलेली असताना गाणं तुटतं.

यावर उपाय सीडीआरडाओ. सगळी सीडी एका दमात लिहिणारं हे साधन. त्याला एक साधी मजकूर फाइल लागते. मी पूर्ण यमनची एकच वेव्ह फाइल ठेवतो आणि त्या मजकुरात लिहितो, की पहिला ट्रॅक सुरुवातीपासून अमुक मिनिट, अमुक सेकंद, अमुक पंचाहत्तरांशापर्यंत आणि दुसरा तिथून पुढे. आवाज कुठेही कापलेला नसतो. क्रमांक तेवढा बदलतो. हेडफोन लावून द्रुतच्या मुखड्याआधीची जागा शोधायची, आकडा लिहायचा, पुन्हा ऐकायचं. या कामाला लागेल तितका वेळ मी आनंदाने देतो. नंतर ‘सिम्युलेट’ आज्ञेने लेझर न पेटवता रंगीत तालीम करायची आणि मगच कमी वेगात सीडी लिहायची. जुना प्लेअर अशा सीडी अडखळल्याशिवाय वाचतो, हा माझा अनुभव.

पहिल्यांदा तो यमन लावला तेव्हा काकांनी द्रुतपर्यंत ऐकलं, मागे गेले, पुन्हा ऐकलं. “जोड कळत नाही रे,” म्हणाले, आणि दुसऱ्या सीडीची यादी सांगायला लागले.

कोऱ्या सीडी आता दुकानात सहज मिळत नाहीत. घरोघरी दिसणारी मोझर बेअरची सीडी बनवणारी कंपनी 2018 साली अवसायनात निघाली आणि नव्या लॅपटॉपला तर ड्राइव्हच नसतो. यूएसबीला जोडायचा डीव्हीडी रायटर मात्र अजून मिळतो. तुमच्या घरात सीडी प्लेअरवर गाणी ऐकणारं वडीलधारं माणूस असेल, तर त्यांच्याकडून एकदा यादी लिहून घ्या, त्यांच्याच क्रमाने. आणि यादीची ती मजकूर फाइल वेव्ह फाइलींसोबत नीट जपून ठेवा. सीडीवरचा रंगद्रव्याचा थर कालांतराने खराब होतो. फाइली हाताशी असल्या की तशीच सीडी पुन्हा लिहिता येते.