पांढऱ्या पेशी आणि पेणच्या आत्याबाई

लिम्फोमा म्हणजे लसिकाग्रंथींचा कर्करोग. आमच्या नऊ वर्षांच्या मुलाला तो झाला तेव्हा आम्ही गाठीला भ्यायलो. परळच्या टाटा हॉस्पिटलात गेल्यावर कळले, उपचार चालू असताना तापालाही तितकेच भ्यायला हवे. केमो गाठीबरोबर रक्तातल्या पांढऱ्या पेशीही मारते. डोसानंतर साधारण ७ ते १४ दिवसांत त्या सर्वांत कमी होतात. त्यांतल्या न्युट्रोफिल पेशी ५०० च्या खाली गेल्या, की साधा जंतूही जीवावर उठतो. पुष्कळदा तो जंतू मुलाच्याच तोंडातला नाहीतर आतड्यातला असतो. म्हणून गुळण्या, रोजची आंघोळ आणि हात धुणे यांत आम्ही कधी सूट दिली नाही. पावसाळ्यात भिंतीला ओल आली की मुलाची खाट तिथून हलवायची. बुरशीचीही भीती असते.

रोह्याहून मुंबईला जाताना पेणला आत्याबाईंकडे उतरायचे, हा आमचा जुना रिवाज. २०२३ साली त्यांच्या नातवाला कांजिण्या आल्या. अशा मुलाला कांजिण्या फार वाईट. पुरळ दिसण्याआधी एकदोन दिवसही त्या लागतात. आम्ही उतरलो नाही. आत्याबाईंचा निरोप आला, "आपल्याच माणसांची शिवाशिव पाळायला लागलात का रे?"

शब्द फार लागला. आमच्या आजोबांनी जे सोसले, त्याचेच नाव आमच्या तोंडावर फेकलेले! पुढे नातवाच्या खपल्या पडल्यावर आम्ही जाऊन समजावले. ती शिवाशिव जन्मावरून होती, मरेपर्यंत सुटत नव्हती. ही पेशींच्या आकड्यावरून आहे, आकडा वाढला की सुटते. आत्याबाई काही बोलल्या नाहीत. चहा मात्र दिला.

दिवाळीनंतर एका रात्री थर्मामीटरने १०१ दाखवले. आम्हाला १००.४ लाच निघायला सांगितले होते. जवळच्या एका डॉक्टरांनी गोळी देऊन सकाळपर्यंत थांबा म्हटले. गोळीने ताप झाकतो, जंतू मरत नाही. शिरेतून अँटिबायोटिक तासाभरात सुरू व्हावे लागते. आम्ही मुंबईला फोन केला. त्यांनी सांगितलेल्या जवळच्या हॉस्पिटलात जायला शेजाऱ्याची जीप काढली.

पेणच्या नाक्यावर आत्याबाई तोंडाला पदर लावून उभ्या होत्या. गाडीजवळ आल्या नाहीत. उकळून गार केलेल्या पाण्याची बाटली लांबूनच हाती दिली आणि विचारले, "आकडा किती आहे?"