डिझेलचा वास

मुलांनो, एक गंमत करून पाहा. स्वयंपाकघरात लसणाची फोडणी पडली की बाहेरून आत या. वास कसा झपकन नाकात शिरतो! आता तिथेच अभ्यासाला बसा. दहा-पंधरा मिनिटांत तो वास जवळजवळ येईनासा होतो. वास गेलेला नसतो हं, तुमचं नाक त्याला सरावलेलं असतं. जुन्या वासाकडे दुर्लक्ष करायचं, म्हणजे नवा वास आला की लगेच कळतो, अशी ही नाकाची सोय. पण ट्रक चालवणाऱ्या माणसाला ती कधी महागात पडते, ते ऐका.

माझे दाजी लासलगावहून वाशीच्या बाजारात कांदा नेतात. ट्रक १९९९ सालचा, म्हणजे माझ्या वर्गातल्या काही मुलांच्या आयांपेक्षा चार-पाच वर्षांनीच लहान! मे महिन्याच्या सुट्टीत माझी भाची त्यांच्याबरोबर वाशीला गेली आणि परत येताना तिला दोनदा उलटी झाली. “मामा, गाडीत डिझेलचा घाण वास येतो,” ती म्हणाली. दाजी हसले. “ट्रकमधी डिझेलचा नाही तर काय अत्तराचा वास येणार?”

दाजी खोटं बोलत नव्हते. रोज दहा-बारा तास त्याच केबिनमध्ये बसणाऱ्याला तो वास कळणार कसा? मी मात्र दार उघडून आत डोकावलो आणि लगेच मागे झालो. आम्ही गाडी मिस्तरींकडे नेली.

मला वाटलं होतं, मिस्तरी लगेच पाना घेऊन गाडीखाली शिरतील. छे! ते भाचीसमोर बसले आणि तिलाच विचारू लागले. “बाळ, वास कधी येतो? टाकी भरल्यावर? सकाळी गाडी सुरू करताना?” ती जरा आठवून म्हणाली, “जाताना नाही आला. येताना कसारा घाट चढायला लागलो तेव्हा खूप आला.”

या ‘कधी’मध्ये अर्धं उत्तर असतं बरं का. टाकी भरल्यावरच वास आला, तर टाकीचं झाकण किंवा वरचा भाग पाहायचा. रात्रभर उभी राहिलेली गाडी सकाळी सुरू व्हायला कुरकुरत असेल, तर टाकीकडून येणाऱ्या नळीत कुठेतरी हवा शिरत असेल. आणि घाटात, इंजिन तापल्यावर वास आला, तर डिझेल कुठल्यातरी तापलेल्या भागावर पडत असणार. म्हणूनच तर गाडीखाली एकही थेंब दिसत नव्हता! पडलेलं डिझेल जमिनीवर पोचण्याआधीच वाफ होऊन उडत होतं. तेही तापलेल्या सायलेन्सरच्या नळीवर. आग लागायला अजून काय हवं?

आता ते पडतं कुठून? जुन्या इंजिनवर धूळ आणि तेलाचा इतका थर, की सगळंच ओलं दिसतं. मिस्तरींनी थंड इंजिन धुऊन पुसून कोरडं केलं आणि माझ्याकडे वळले, “गुरुजी, खडू आणा.” (शाळेचे नाही हं, दुकानातून विकत आणले!) खडूची पूड पाण्यात कालवून त्यांनी नळ्यांच्या सांध्यांवर ब्रशने लावली आणि वाळू दिली. काळं इंजिन पांढरंशुभ्र झालं. मग दहा मिनिटं इंजिन चालवलं, बंद केलं आणि बॅटरीच्या उजेडात पाहिलं. एका रबरी नळीच्या वाकणावर, पांढऱ्या खडूत, बोटभर लांब ओली रेघ उमटली होती!

इंजिनला द्यायच्या डिझेलमधलं थोडं जास्तीचं डिझेल परत टाकीकडे न्यायला एक बारीक नळी असते. तीच ही. उष्णतेने रबर कडक होऊन तडकलं होतं. तिथून थेंब सायलेन्सरवर आणि वाफ केबिनच्या फाटलेल्या रबरातून आत. मिस्तरींनी नळी बदलली, सांध्याचे तांब्याचे वायसर नवे घातले, कारण एकदा आवळून चपटे झालेले वायसर पुन्हा नीट बसत नाहीत. केबिनचं रबरही बदललं.

भाची नळ्यांना हात लावायला गेली तेव्हा मिस्तरी तिच्यावर ओरडलेच. इंजिनात डिझेल फवारणाऱ्या नळ्यांमधला दाब ट्रकच्या टायरमधल्या हवेच्या वीसपटीहून जास्त असतो. तिथून उडालेली बारीक धार कातडी फोडून आत जाते. म्हणून हे काम मोठ्यांचं. काडी पेटवून गळती शोधणं तर मोठ्यांनीही करायचं नाही. तुमच्या घरच्या स्कूटरला पेट्रोलचा वास आला, तर आधी ती सुरू करू नका म्हणून सांगा. पेट्रोल डिझेलपेक्षा फार लवकर पेट घेतं. शून्याखाली चाळीस अंशांच्या आसपासच्या थंडीतही त्याच्या वाफेला ठिणगी पुरते.

सीटच्या कापडात मुरलेला वास जायला मात्र तीन-चार दिवस लागले. पुढच्या खेपेआधी दाजींनी भाचीला केबिनमध्ये चढवलं. “घे वास. आहे का?”

तिने डोळे मिटून, नाक वर करून हुंगलं. “नाही पप्पा. तुम्हाला येतो?”

“मला?” दाजी म्हणाले, “मला तर आधीपण येत नव्हता!”