पहिला तुटणारा

पायाच्या बाहेरच्या अंगाला घोट्याचं जे हाड वर आलेलं दिसतं, त्याच्या थोडं पुढे आणि थोडं खाली बोट टेकवून पाहा. तो तिथे राहतो. लांबी जेमतेम दोन सेंटीमीटर, जाडी दोन मिलिमीटरच्या आसपास. नडगीशेजारच्या बारीक हाडाला तो पावलाच्या वरच्या हाडाशी, म्हणजे टॅलसशी, बांधून ठेवतो. डॉक्टर त्याला अँटीरियर टॅलोफायब्युलर लिगामेंट म्हणतात, घाईत असले की नुसतं एटीएफएल. पाय मुरगळला असं आपण म्हणतो, तेव्हा बहुतेक वेळा दुखावलेला असतो हाच.

घोट्यातल्या सगळ्या बंधांमध्ये तो सर्वांत दुबळा. प्रयोगशाळेत ताणून पाहिलं तेव्हा तो साधारण चौदा किलोच्या ओढीला तुटला. त्याच्याच खालचा, टाचेकडे जाणारा भाऊ पस्तीस किलोपर्यंत टिकला आणि घोट्याच्या आतल्या बाजूचा रुंद बंध सत्तरच्याही पुढे गेला. तरीही सर्वांत पुढे, सर्वांत आधी ताण येईल अशा जागी उभा राहतो तो हाच. मला त्याच्याविषयी आदर वाटतो तो यासाठी.

त्याची खरी परीक्षा उतारावर होते. नागपंचमीच्या आधीच्या दिवसांत नागपुरातून माणसांचे जथेच्या जथे पचमढीकडे निघतात, नागद्वारच्या यात्रेला. सातपुड्याचे ते डोंगर, पावसानं निसरडे झालेले दगड, लोखंडी शिड्या, डोक्यावर बोचकं. चढताना छाती भरून येते, म्हणून लोकांना चढ कठीण वाटतो. घोट्याला मात्र उतार कठीण. चढताना बोटं वर झुकलेली असतात, तेव्हा टॅलसचा पुढचा रुंद भाग दोन हाडांच्या खोबणीत घट्ट बसतो आणि घोटा हाडांच्याच आधारानं स्थिर राहतो. उतरताना बोटं खाली झुकतात, टॅलसचा मागचा अरुंद भाग खोबणीत येतो, हाडांची पकड सैल होते. नेमका त्याच क्षणी हा बंध ताणून उभा झालेला असतो. दगड हलला, तळवा आत वळला, की अंगाचा भार या दोन सेंटीमीटरवर येतो.

त्यासाठी पचमढीला जायलाच हवं असंही नाही. नागपुरात सिमेंटच्या उंच रस्त्याची कड आणि बाजूची खालची माती यांच्यामधली पायरी रात्री दिसत नाही, तेवढी पुरते.

मग घरात सुरू होते धावपळ. आंबेहळद आणि तुरटीचा लेप कढत करून लावला जातो. शेजारच्या काकू सांगतात, काही नाही होत बाप्पा, तेल लावून चांगलं रगडून घे. एखाद्या घरी पायाळू माणसाचा शोधही सुरू होतो. त्याचा पाय लागला की कमरेची उसण जाते, मग घोट्याचीही जाईल, ही श्रद्धा. लेपाला माझा विरोध नाही. सुजेवर मायेचा हात फिरतो, त्यालाही मोल आहे. विरोध आहे तो रगडण्याला. पहिल्या दोन-चार दिवसांत तुटलेल्या तंतूंच्या टोकांशी रक्त गोठून दुरुस्तीचा पाया पडत असतो. जोरात चोळून तो मोडतो आणि सूज वाढते. त्या दिवसांत बंधाला हवी असते क्रेप बँडेजची हलकी पकड, पाय उशीवर उंच, आणि सोसेल तेवढीच हालचाल.

हाड मोडलं आहे का, ही शंका आधी फेडून घ्यावी. कॅनडात ओटावाच्या डॉक्टरांनी 1992 मध्ये त्यासाठी सोपे नियम मांडले, ते आज जगभर वापरतात. दुखापतीनंतर लगेच आणि नंतर तपासतानाही लंगडत का होईना चार पावलं टाकता येत नसतील, घोट्याच्या दोन्ही हाडांपैकी एखाद्याच्या मागच्या कडेवर किंवा टोकावर दाबून दुखत असेल, किंवा पावलाच्या बाहेरच्या कडेला करंगळीच्या हाडाच्या मुळाशी अथवा आतल्या बाजूला कमानीच्या वरच्या हाडावर दुखत असेल, तर नागपुरात मेडिकल किंवा मेयो रुग्णालय गाठून एक्स-रे काढावा.

त्याचा स्वभाव तसा बरा होण्याचा आहे. गुडघ्यातल्या एसीएल नावाच्या बंधासारखं त्याचं नशीब नाही. तो बिचारा सांध्याच्या द्रवात बुडालेला, तुटला तर रक्ताची गाठ टोकांपाशी थांबतच नाही. आपला हा सांध्याच्या आवरणातच विणलेला आहे, म्हणून बहुतेकदा शस्त्रक्रियेविना सांधतो. पण सावकाश. सहा आठवड्यांत नवे तंतू भरतात, ते आधी गुंत्यासारखे, वाटेल त्या दिशेला. त्यांना सरळ ओळीत आणतो तो रोजचा मोजका ताण, आणि हे काम कित्येक महिने, कधी वर्षभर चालतं.

त्याच्याबद्दलची सर्वांत मोठी गोष्ट लोकांना ठाऊकच नसते. तो नुसता बांधणारा नाही, तो सांगणाराही आहे. त्याच्या तंतूंमध्ये मज्जातंतूंची बारीक टोकं आहेत. पाऊल किती वळलं, किती वेगानं वळतंय, हे ती सतत मेंदूला कळवत असतात. तंतूंबरोबर ही टोकंही तुटतात. लंडनचे सर्जन फ्रीमन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी 1965 मध्ये हे मांडलं: मुरगळल्यानंतर पाय पुन्हा पुन्हा दगा देतो, त्याचं एक कारण ही हरवलेली खबर, आणि डगमगत्या फळीवर तोल साधण्याचा सराव केला की ती परत मिळवता येते. दुखणं पंधरा दिवसांत जातं, माणूस चालायला लागतो, आणि सांगणारा मुकाच राहतो. म्हणूनच एकदा मुरगळलेला पाय दुसऱ्यांदा लवकर मुरगळतो. आपल्याकडे हा सराव जवळजवळ कुणीच करत नाही, याचं मला मनापासून वाईट वाटतं.

सुश्रुताला या बंधांची किंमत कळली होती. सुश्रुतसंहितेत स्नायू म्हणून जे वर्णन आहे ते आजच्या बंधांशी मिळतं. फळ्या दोरांनी घट्ट बांधलेली नाव पाण्यावर भार पेलते, तसं शरीर यांच्यावर उभं आहे, असं तो सांगतो. हाड, मांस, शिरा, सांधे यांच्या इजेपेक्षा स्नायूची इजा अधिक घातक, असं त्याचं मत. गुल्फ हे मर्मही त्यानं पाऊल आणि पोटरीच्या सांध्यावर सांगितलं आहे, आणि तिथे मार बसला तर वेदना, पाय ताठरणं किंवा लंगडेपण येतं असं नोंदवलं आहे.

तेव्हा या वर्षी ज्याचा पाय मुरगळला आणि ज्याला पुढच्या वर्षी नागद्वारला जायचं आहे, त्यानं सूज उतरली की सुरुवात करावी. दात घासताना दुखऱ्या पायावर एकट्यानं उभं राहावं, भिंत हाताशी ठेवून. अर्धं मिनिट डळमळ न होता जमलं की डोळे मिटून. मग घडी केलेल्या चादरीवर. मग टाचा उचलून-टेकवून पोटरीची ताकद. होळीच्या सुमारास नागपुरातल्या सेमिनरी हिल्सवर जाऊन उतारावर चालण्याचा सराव, आधी मोकळ्या हातांनी आणि नंतर पाठीवर थोडं ओझं घेऊन.