वायफायचा लपंडाव

नळ ठिबकू लागला तर वायसर बदलता येतो, मिक्सर अडला तर दुकानात नेता येतो. पण वायफायचा सिग्नल ना दिसतो, ना हाताला लागतो. तो गेला की बाईमाणसाने मुकाट वाट बघत बसायचं, असंच आपण धरून चालतो. मैत्रिणींनो, तसं काही नाही बरं का!

मी एका शाळेत अर्धवेळ शिकवते आणि संध्याकाळी सात ते साडेआठ लॅपटॉपवरून दहावीच्या पाच मुलांना संस्कृत शिकवते. पैसे फार नाहीत, पण ते माझ्या हातचे आहेत. जूनमध्ये वर्ग मध्येच तुटू लागला. एका मुलीच्या आईचा निरोप आला, "तुमचं नीट झालं की कळवा." हे म्हणाले, "कशाला एवढा व्याप? बंद कर झालं!" ते मात्र मनाला लागलं.

कंपनीचा माणूस दोनदा आला. तो आला की सगळं सुरळीत! शेवटी दुधाच्या हिशेबाच्या वहीत मागच्या पानावर मी टिपून ठेवू लागले: किती वाजता गेलं, मी कुठे बसले होते, तेव्हा फोनवर चालत होतं का. आठ दिवसांत बरंच उमगलं.

शेजारणीकडून वायर आणून लॅपटॉप थेट राऊटरला जोडला. दीड तासात एकदाही खंड नाही. म्हणजे बाहेरची लाइन ठीक; दुखणं घरातच.

आतल्या खोलीत फोनही रखडायचा. राऊटर होता दाराशी, जिथून वायर आत आली तिथेच ठोकलेला, आणि मध्ये लोखंडी कपाट. लोखंड ह्या लहरी अडवतं, विटांच्या भिंतीतही त्या क्षीण होतात. राऊटर घराच्या मध्यावर, उंच आणि मोकळ्या जागी हलवून घेतला.

तरी सव्वासातला हमखास खंड! तेव्हा सासूबाई मायक्रोव्हेवमध्ये दूध गरम करतात. मायक्रोव्हेव चालतो साधारण २.४५ गिगाहर्ट्‌झवर आणि वायफायचा एक पट्टा असतो २.४ चा. दोघांची गाठ पडते. राऊटरवर ५ गिगाहर्ट्‌झचा पट्टाही होता, लॅपटॉप त्यावर लावला. तो पट्टा भिंतींपलीकडे कमी पोचतो, म्हणून आता राऊटरच्याच खोलीत बसते. सासूबाईंच्या दुधाची वेळ बदलावी लागली नाही.

राहिलं एक. चार्जर काढला की फोनचं चालू, लॅपटॉपचं बंद. बॅटरी वाचवायला लॅपटॉप वायफायचीच वीज तोडतो! विंडोजच्या 'डिव्हाइस मॅनेजर'मध्ये 'नेटवर्क अडॅप्टर्स'खाली वायफायच्या नावावर 'पॉवर मॅनेजमेंट'ची खूण असते, ती काढली. काही लॅपटॉपवर ती सापडत नाही, तिथे चार्जर लावूनच बसावं.

ती मुलगी वर्गात परत आली. ह्यांनी विचारलं, "खर्च किती आला?" म्हटलं, "एक पैसाही नाही."

तुमच्याकडे असं होत असेल तर आधी आठ दिवस वही ठेवा. वायर जोडूनही खंड पडला, तर तीच वही कंपनीच्या माणसापुढे ठेवा. तारीख-वेळ लिहिलेली असली की "आत्ता तर चालतंय की बाई," म्हणून त्याला जिना उतरता येत नाही.