दादाच्या मेंदूचा नकाशा

औरंगपुऱ्यातील घराच्या खिडकीशी दादाची अँजिओग्राफीची फिल्म धरली. धमन्यांतील रक्त केशवाहिन्यांना वगळून थेट शिरांत उतरत होते. मेंदूत जणू सुतळीचा गुंता. असा नकाशा १९२७ साली लिस्बनमध्ये एगास मोनीझ यांनी शक्य केला. (नोबेल मात्र त्यांना १९४९ साली मेंदूच्या निराळ्याच, आज त्याज्य ठरलेल्या शस्त्रक्रियेसाठी मिळाले!) पूर्वी कवटी उघडल्यावरच गुंता दिसे आणि शल्यविशारद बहुधा ती पुन्हा मिटवीत. १९३२ साली स्टॉकहोममध्ये ओलिव्हेक्रोना यांनी असा गुंता समूळ काढला. क्रम महत्त्वाचा: आधी पोषक धमन्या बंद करायच्या, निचऱ्याची शीर सर्वांत शेवटी. उलट केल्यास गुंता फुटतो.

“ती शीर सापडली का रे?” दादाने विचारले. मी बोट ठेवून दाखवली. संमतिपत्रावरची सही अजून बाकी होती.